वाहकाच्या मागची सीट

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत घर घेऊ नकोस, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. आवाज फार, धूळ त्याहून फार. मी म्हटलं, ज्या आवाजावर जन्मभर पोट भरलं त्याला आता म्हातारपणी नावं ठेवू का? घेतलं घर. एस.टी.तून वाहक म्हणून रिटायर झाले, तरी पहिली गाडी सुरू होऊन घरघरायला लागली की डोळा उघडतो. आणि दिवाळी जवळ आली, हे शेजारणीचा आकाशकंदील टांगला जायच्या आधी मला स्टँडवरच्या भोंग्यावरून कळतं. रोजची गावं पुकारता पुकारता भोंग्यावरचा माणूस मधेच "जादा गाडी" म्हणायला लागतो. ते दोन शब्द कानावर पडले, की माझा हात अजून आपोआप खांद्याकडं जातो. तिथं बॅगेचा पट्टा असायचा. आता पदर असतो.

वर्ध्याकडं हे दिवस मोठे नखऱ्याचे. दुपारी ऊन चटकतं आणि ऊन कललं की लगेच अंगावर शिरशिरी येते. सोयाबीनच्या मळणीची बारीक धूळ हवेत असते, तिनं नाक हुळहुळतं. कापूस फुटलेला असतो. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंगकडं जाताना रस्त्याकडेच्या बाभळींना घासून जातात आणि काट्यांवर पांढरे पुंजके अडकून राहतात. वर्ध्याहून हिंगणघाट आणि हिंगणघाटहून वडनेर, या रस्त्यावरच्या कोणत्या बाभळीला जास्त कापूस अडकतो हेसुद्धा मी सांगू शकते. रिकामपणाचे उद्योग म्हणा. पण तेव्हा रिकामपण कुठं होतं?

यंदा मात्र मला बाभळी बघायला वेळ होणार नव्हता. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

माझी एकुलती एक लेक प्रज्ञा पुण्याला असते. मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, तिचा नवराही तसल्याच दुसऱ्या कंपनीत आहे. त्यांची तन्वी आता बालवाडीच्या वयाची झाली. नवरात्रात प्रज्ञाचा फोन आला. दिवाळीत तिला सुटी नव्हती, अमेरिकेतलं काम होतं आणि त्या लोकांना कुठली आली दिवाळी. तिच्या ऑफिसात मुलांना सांभाळायची एक खोली आहे, तन्वी रोज तिथंच असते. ती खोली मात्र दिवाळीचे दिवस बंद राहील, असं तिच्या कानावर आलं होतं.

"आई, मंग तुलेच यावं लागंल बहुतेक," प्रज्ञा म्हणाली.

यावं लागंल! इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं मला. मी वरवर म्हटलं, "पाह्यतो बाप्पा, जमते का." आणि फोन ठेवून सरळ माळ्यावरची बॅग काढली.

हे असं का, ते सांगायला हवं. मी प्रज्ञाला ती लहान असल्यापासून एक वाक्य ऐकवत आले आहे. माह्या लेकराले पाह्याले कोनी नव्हतं, तुह्या लेकराले मी पाहीन. ती कॉलेजात गेली तेव्हाही हेच, तिचं लग्न झालं तेव्हाही हेच. ती चिडायची, "आई, मले लेकरू तर होऊ दे!" पुढं लेकरू झालं. मी रिटायर झाले. तेवढ्यात त्या कंपनीनं ती मुलांची खोली सुरू केली. माझं वाक्य तसंच राहिलं, लग्नात घालायला म्हणून शिवून ठेवलेल्या ब्लाउजसारखं.

प्रज्ञाचे वडील एस.टी.तच ड्रायव्हर होते. दुखण्यात गेले. अनुकंपेवर मला वाहकाची नोकरी मिळाली तेव्हा प्रज्ञा नुकती शाळेत जायला लागली होती. सासू अंथरुणाला खिळलेली. माहेरी भाऊ-भावजय दोघंही रोजमजुरीला जाणारे. शाळेच्या दिवसांत शेजारीण बघायची, तिचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण दिवाळीची सुटी लागली की शेजारीण तिच्या माहेरी जायची. सगळ्या जगाला सुटी लागली की एस.टी.त आमच्या सुट्या बंद व्हायच्या. शाळेला कुलूप, शेजारणीच्या दाराला कुलूप, आणि माझ्या हाताला धरून प्रज्ञा.

त्यात आणखी एक गंमत होती. आमच्या आगारात आम्हा मोजक्या वाहक बायांमध्ये सणांची अदलाबदल चालायची. मी बौद्ध. दसऱ्याला मला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असायचं, चौदा एप्रिलला मिरवणूक असायची. तेव्हा माझी ड्युटी दुसरी कोणी घ्यायची आणि दिवाळीला मी तिची घ्यायचे. "तुमच्या घरी लक्ष्मीपूजन नसते ना बाई, मंग माही ड्युटी घ्या ना," असं म्हणत सगळ्याजणी माझ्याकडं यायच्या. सौदा सरळ होता, कोणी कोणाला फसवत नव्हतं. आमच्या घरी पूजा नव्हती, हे खरंच. पण चिवड्याला आणि फुलबाजीला धर्म नसतो, हे सहा-सात वर्षांच्या पोरीला माहीत होतं आणि मोठ्या माणसांच्या ध्यानात येत नव्हतं.

पहिल्या दिवाळीला मी आगारातल्या साहेबांकडं गेले. म्हटलं, साहेब, आम्हा बायांच्या लेकरांसाठी एखादी खोली द्या, एखादी बाई ठेवा, आम्ही वर्गणी काढू. साहेब पन्नाशीचे, भले गृहस्थ होते. त्यांनी प्रज्ञाकडं पाहिलं. ती त्यांच्या टेबलावरचा काचेचा गोळा न्याहाळत होती.

"बाई, खोली माह्या हाती असती तर माह्या नातवाले नसतं का आनून बसवलं?" ते म्हणाले. "पोरीचं हाफ काढा, गाडीत बसवा. बाकी मी काई पाह्यलं नाई."

तर आमचं पाळणाघर ते. लाल रंगाचं, सहा चाकांचं, हलणारं. दाराजवळ वाहकाची सीट असते, तिच्या मागच्या सीटवर खिडकीशी प्रज्ञा बसायची. प्रत्येक फेरीला मी तिचं हाफ तिकीट फाडायचे, पंच करायचे आणि तिच्या हातात द्यायचे. ती ते मुठीत धरून बसायची, घामानं त्याचा लगदा होईपर्यंत. तेव्हा मशीन नव्हती. तिकिटांचा ट्रे, पंचाची ती कटकट, नाण्यांनी काळे पडलेले हात, आणि बॅगेच्या चामड्याला येणारा एक आंबूस वास. प्रज्ञा मोठी झाल्यावर एकदा म्हणाली होती, मला तुझा वास म्हटला की तो आठवतो. म्हटलं, चांगलं आहे, दुसऱ्यांच्या आयांना साबणाचा वास येतो.

एक नियम मी स्वतः केला होता. गाडीत मला आई म्हणायचं नाही.

"गाडीत मी तुही आई नाई. कंडक्टर बाई हाव. काई लागलं तर कंडक्टर बाई म्हनजो."

कोणी म्हणेल, किती कठोर बाई. म्हणो. तेव्हा या रस्त्यांवर बाई वाहक म्हणजे लोकांना तमाशा होता. उतारू मान वाकडी करकरून बघायचे. एक जण पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "बाईचं ध्यान तिकिटाकडं हाय का पोट्टीकडं?" असं पुन्हा कोणी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. नोकरी गेली असती तर आई म्हणायला आई उरली असती, पण ताटात काय वाढलं असतं?

आणि प्रज्ञानं तो नियम पाळला. इतका नेमानं पाळला की मलाच कधी कधी कसंतरी व्हायचं. "कंडक्टर बाई, तहान लागली." "कंडक्टर बाई, खिडकी लागत नाई." घरी आल्यावर दार उघडायच्या आत "आई, आई, आई" असं एका दमात म्हणून टाकायची, दिवसभराचं साचलेलं.

एका वर्षीची भाऊबीज होती. भाऊबीजेची गाडी म्हणजे काय असतं, ते एस.टी.तल्या माणसालाच विचारावं. बाया, पोरं, डबे, पिशव्या, नव्या साड्यांचा खळीचा वास, झेंडूच्या माळा, आणि सगळ्यांना ऊन उतरायच्या आत भावाच्या दारी पोचायचं असतं. हिंगणघाटहून वडनेरकडं निघालो तेव्हा दिवस मावळत होता. प्रज्ञा खिडकीला डोकं लावून झोपली होती. मी तिकिटं फाडत फाडत गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि मधे माणसांची भिंत उभी राहिली. आतला दिवा नुसता नावाला होता.

तेवढ्यात ती जागी झाली. अंधारलेलं, चहूकडं लोकांची पोटं आणि पिशव्या, आणि पुढची सीट रिकामी.

"कंडक्टर बाई! ओ कंडक्टर बाई!"

मी ऐकलं. पण हलायला जागा नव्हती.

"बेल मारा बाई, पोट्टीले उतराचं हाय," कोणीतरी ओरडलं. दोघं-चौघं हसले. "कंडक्टर बाई! कंडक्टर बाई!" आता आवाज रडवेला झाला होता. तिच्याजवळ एक म्हातारी उभी होती, तिचा आवाज मला आजही ऐकू येतो.

"अव, उतरत नाई ते! भेलं लेकरू. कोनाचं हाय हे? याची माय कोठी हाय?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. लेकरू कोणाचं, ते कोणीच सांगेना. तेव्हा मी ओरडले, एवढ्या मोठ्यानं की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं.

"माहं हाय! इकडं द्या तिले!"

आणि मग त्या गाडीनं प्रज्ञाला उचललं. सीटवरून एकानं, त्याच्याकडून दुसऱ्यानं, बायांनी पिशव्या पायात सोडून हात वर केले, आणि माझी पोर डोक्यांवरून हातोहात माझ्यापर्यंत आली. ती माझ्या कडेवर बसली, बॅगेच्या पट्ट्यात पाय अडकवून. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हळूच विचारलं, "आता म्हनू का?"

"म्हन," मी म्हटलं.

ती म्हणाली नाही. नुसती गळ्याला चिकटून राहिली आणि मी एका हातानं तिकिटं देत राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की नवरा गेल्यापासून आपण एकट्या आहोत असं जे समजत होतो ते काही पूर्ण खरं नाही. पुढं बरीच वर्षं तेवढा दिलासा मला पुरला.

आता पुण्याच्या खोलीबद्दल सांगते. मागच्या उन्हाळ्यात प्रज्ञानं मला तिचं ऑफिस दाखवायला नेलं होतं. गेटवर माझा फोटो काढला, गळ्यात पट्टा घातला. लिफ्टनं वर गेलो. खोली काय, राजवाडा! खाली मऊ चटया, भिंतीवर झाडं आणि हत्ती, लहानलहान गाद्या, प्रत्येक लेकराचं नाव लिहिलेला खण. दोन ताई होत्या, दोघी शिकलेल्या, मायेनं बोलणाऱ्या. वर कॅमेरा, म्हणजे आईला कामाच्या जागेवरून फोनमध्ये आपलं लेकरू दिसतं. मला आत जाता आलं नाही. आत फक्त आईवडिलांनाच जाता येतं, लेकरांच्या काळजीपोटी तसा नियम आहे. प्रज्ञा ताईशी हुज्जत घालायला लागली, "माझी आई आहे ती." मीच तिला गप्प केलं. जन्मभर नियम पाळले, आता नातीसाठी मोडू? मी काचेबाहेर उभी राहिले. तन्वीनं मला पाहून हात हलवला आणि ती परत ठोकळे रचायला बसली. रडली नाही. भ्याली नाही. कोणाला काही म्हणायची बंदी नव्हती तिला.

मी जे साहेबांकडं मागितलं होतं, ते माझ्या लेकीला मिळालं होतं. अगदी तेच, आणि त्याहून किती चांगलं. त्या काचेशी उभं राहून मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर तेवढंच वाईटही वाटलं. ही दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

म्हणून नवरात्रातल्या त्या फोनवर माझा एवढा जीव लागला होता. मी पोह्यांचा चिवडा केला, तन्वीला तिखट लागतं म्हणून वेगळा, बिनमिरचीचा. शंकरपाळे केले. स्वेटर ठेवला, कारण पुण्यात सकाळी थंडी असते म्हणतात. गल्लीत जी भेटेल तिला सांगत सुटले, यंदा मी इथं नाही बाई, लेकीकडं चालले, तिचं माझ्यावाचून अडलं आहे. अडलं आहे, हा शब्द मी मुद्दाम वापरत होते. तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखा.

वसुबारसेला फोन आला.

"आई, एक खुशखबर हाय!" प्रज्ञाचा आवाज उड्या मारत होता. "आमी सगळ्या बायांनी मिळून सांगतलं ऑफिसले. दिवाळीतबी खोली चालू ठेवून राह्यले ते. ताईंले डबल पगार देनार हायेत. आता तुले धावपळ नाई. इतक्या गर्दीत काऊन येतं तू? थंडीत ये ना आरामशीर."

"बरं झालं," मी म्हटलं. "लय चांगलं झालं."

आणि चांगलंच झालं होतं हो. त्या ताईंचीही लेकरं असतील, हे एक मनात आलं, पण निदान त्यांना डबल पगार होता. मी सगळं नीट विचारलं, जेवणाचं काय, झोपायचं काय. फोन ठेवला. बॅग दाराशी तशीच होती. ती उचलून आत ठेवायला मला लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला.

पाडव्याला सकाळची कामं उरकली, बिनमिरचीच्या चिवड्याचा डबा पिशवीत टाकला आणि स्टँडवर गेले. वडनेरची गाडी लागली होती. रिटायर झालेल्यांना मिळतो तो पास मी घरीच ठेवला होता. मला तिकीट काढून बसायचं होतं. वाहक एक तरुण पोरगी होती, खाकी कपडे नीट इस्त्री केलेले, गळ्यात तिकिटाची मशीन. मी तिच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसले.

"वडनेर," मी म्हटलं.

मशीननं कर्र करून चिठ्ठी काढली. हाफ. आता सगळ्याच बायकांना हाफ असतं. माझ्या ते लक्षातच नव्हतं. मी ती चिठ्ठी मुठीत धरली.

गाडी चालायला लागली तसं मला कळलं, की या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. उभ्या जन्मात नाही. इथून वाहकाचा चेहरा दिसत नाही. तिची पाठ दिसते, वेणी दिसते, खांद्यावरचा पट्टा दिसतो. ती वळून बघेल म्हणून आपण बघत राहतो आणि ती दुसरीकडं कुठंतरी बघत असते. प्रज्ञानं असे किती दिवस काढले असतील. तिनं कधी तक्रार केली नाही. मला इथं बसून वाटलं, ती सहा वर्षांची असताना जेवढी एकटी होती, तेवढं एकटं मी आत्ता कुठं व्हायला लागले आहे.

हिंगणघाटच्या पुढं गर्दी थोडी कमी झाली. मी डबा उघडून वाहक पोरीला चिवडा दिला. तिनं ओंजळ पुढं केली.

"लेकरू हाय का तुले?" मी विचारलं.

"हाय ना आजी. दोन वर्षांचा."

"मंग आज कोनापाशी?"

"माह्या आईपाशी. ते हाय म्हनून जमते पाहा, नाईतर काई खरं नव्हतं." आणि तोंडात चिवडा टाकून म्हणाली, "अव, यात मिरची नाई का?"

"नाई," मी म्हटलं. "लेकरासाठी केलता."

तिच्या त्या आईला मी ओळखत नाही. पण पुढची दोन-तीन गावं मी तिचाच विचार करत राहिले. आत्ता ती नातवाला भरवत असेल, दमली असेल, कंबर दुखत असेल तिची. मला तिचा हेवा वाटला. साफ सांगते, हेवाच.

पुढच्या एका गावाशी गाडी थांबली. पाडव्याचं गायगोधन होतं, गायींना सजवून मिरवायचा सण. गायी राखणारे गोवारी डफ वाजवत नाचत होते आणि रंगवलेल्या शिंगांच्या, मोरपिसं बांधलेल्या गायी रस्ता ओलांडत होत्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञाची जेवणाची सुटी झाली होती, ती मुलांच्या खोलीत गेली होती आणि तिनं व्हिडिओ लावला होता.

"आई, कोठी हायस तू? हा आवाज कायचा?"

"वडनेरच्या गाडीत हाव."

"वडनेर? तिथं कोन हाय आपलं?"

"कोनी नाई. गाडीत गर्दी कितीक हाय, पाह्याले आलती."

पडद्यावर तिचे डोळे मला नीट दिसले नाहीत. मी घाईघाईनं फोन खिडकीबाहेर धरला, तन्वीला गायी दाखवल्या. ती टाळ्या पिटायला लागली. तिच्या मागं भिंतीवरचा हत्ती दिसत होता, आणखी दोन-चार लेकरं होती. दिवाळीत ऑफिसात आलेली, चांगली तेल लावून, नवे कपडे घातलेली.

"आजी, तू गाडीत बसलीस?"

"हो गं."

"मला आई घ्यायला येते. त्या आरवला त्याचे बाबा येतात," तन्वी म्हणाली. त्या खोलीत लेकरांना दिवसभर तेवढंच एक महत्त्वाचं असतं. "तुला कोण घ्यायला येणार?"

मी उत्तर देणार होते. काहीतरी गमतीचं सांगितलं असतं, मोर येईल, गाय येईल. पण मी मुठीतली तिकिटाची चिठ्ठी चोळत राहिले. डफ जोरात वाजत होता. "आवाज येत नाही का, आजी?" ती विचारत राहिली, आणि मग चित्र अडकलं, तिचं तोंड अर्धं उघडं.

गायी गेल्या. गाडी निघाली.

वडनेरला सगळे उतरले. मोटारसायकली घेऊन भाऊ उभे होते, भाचे पिशव्या ओढत होते, एक म्हातारा आपल्या लेकीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत उभा होता. बघता बघता सगळ्यांना कोणी ना कोणी घेऊन गेलं. ड्रायव्हर चहाला उतरला. गाडीत मी आणि दारात माझ्याकडं पाठ करून उभी असलेली ती पोरगी. तिनं फोन कानाला लावला होता, आईला विचारत होती, जेवला का, झोपला का.

तिचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले. मग हाक मारली.

"कंडक्टर बाई, परतीचं एक हाफ द्या."